ॲडव्हेंचर मोटारसायकलीचे खडतर मार्गावरील चालन

ॲडव्हेंचर मोटारसायकलीचे खडतर मार्गावरील चालन म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेली मोठी मोटारसायकल डांबरी रस्ता सोडून माती, मुरूम, वाळू, चिखल, दगडगोटे व ओढे यांतून सुरक्षितपणे चालवण्याचे कौशल्य होय. या वर्गातील मोठ्या मोटारसायकलींचे वजन साधारणतः २०० ते २७० किलोग्रॅम असते. त्यात सामानाची भर पडली की ते ३०० किलोग्रॅमच्या घरात जाते. हलक्या मोटोक्रॉस व एन्ड्युरो मोटारसायकली याच्या निम्म्याच वजनाच्या असतात. त्यामुळे हलक्या वाहनावर अंगबळाने किंवा वेगाने निभावून नेता येणारे प्रसंग जड वाहनावर तसे निभावत नाहीत. हे चालनकौशल्य मुख्यतः तोल, नजर, संथ गतीवरील नियंत्रण आणि क्लच व ब्रेक यांचा मृदू वापर यांवर आधारलेले आहे.

पार्श्वभूमी

या वाहनप्रकाराची सुरुवात सामान्यतः १९८० साली बाजारात आलेल्या 'बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस' या जर्मन मोटारसायकलीपासून मानली जाते. तिच्या नावातील 'जी' व 'एस' ही आद्याक्षरे जर्मन भाषेतील 'मोकळा भूप्रदेश' व 'रस्ता' या अर्थाच्या शब्दांची आहेत. सुमारे ८०० घनसेंटिमीटर क्षमतेचे दोन सिलिंडरांचे इंजिन असलेले वाहन कच्च्या मार्गावरही नेता येते, ही कल्पना तेव्हा नवी होती.

त्याच सुमारास पॅरिस–डकार ही आफ्रिकेच्या वाळवंटातून जाणारी शर्यत प्रसिद्धीस येत होती. डिसेंबर १९७८ मध्ये सुरू झालेली तिची पहिली आवृत्ती सिरिल नवू यांनी यामाहाच्या ५०० घनसेंटिमीटरच्या एका सिलिंडरच्या मोटारसायकलीवर जिंकली. १९८१ व १९८३ मध्ये ह्युबर्ट ओरिओल यांनी बीएमडब्ल्यूवर विजय मिळवला आणि मोठ्या इंजिनाची वाहनेही वाळवंट पार करू शकतात हे दिसून आले. १९८६ ते १९८९ अशी सलग चार वर्षे होंडाच्या 'एनएक्सआर ७५०' या वाहनाने ही शर्यत जिंकली. त्या यशाच्या आधारे होंडाने १९८८ मध्ये 'आफ्रिका ट्विन' हे वाहन सर्वसामान्य ग्राहकांसाठी आणले.

२०११ पासून डकार शर्यतीतील मोटारसायकलींच्या इंजिनाला ४५० घनसेंटिमीटरची मर्यादा घालण्यात आली. शर्यतीची वाहने अशी हलकी होत गेली, तरी प्रवासी ॲडव्हेंचर मोटारसायकली मोठ्याच राहिल्या. कारण दिवसभराचा महामार्गावरील प्रवास, सहप्रवासी, सामान व मोठी इंधनटाकी या गरजा त्यांना भागवाव्या लागतात. ग्राहक वाहन घेतो ते शर्यतीच्या प्रतिमेमुळे, पण प्रत्यक्षात त्याच्या हाती येते ते जड प्रवासी वाहन. या दोहोंतील अंतर भरून काढण्यासाठी स्वतंत्र चालनकौशल्याची आवश्यकता असते. २००४ मध्ये अभिनेते युअन मॅकग्रेगर व चार्ली बूरमन यांनी लंडन ते न्यूयॉर्क असा केलेला प्रवास दूरचित्रवाणी मालिकेमुळे जगभर पाहिला गेला. मंगोलियातील चिखलात त्यांच्या सामानाने लादलेल्या मोटारसायकलींची झालेली दमछाकही त्यात दिसते.

भारतात २०१६ मध्ये आलेल्या रॉयल एनफील्डच्या 'हिमालयन'ने (४११ घनसेंटिमीटर) हा वाहनप्रकार मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात आणला. २०२३ मध्ये तिची अधिक शक्तिशाली आवृत्ती आली. सुमारे १९६ किलोग्रॅम वजनाचे हे वाहनही हलके म्हणता येत नाही.

वजन आणि तोल

जड वाहनाची अडचण केवळ वजनाच्या आकड्यात नसून ते वजन कोठे आहे यात असते. भरलेली इंधनटाकी व वर बांधलेले सामान यांमुळे गुरुत्वमध्य वर जातो. वाहन उभे असेपर्यंत चालकाला वजन जाणवत नाही. मात्र ते एका मर्यादेपलीकडे कलले की माणसाच्या बळाने सावरता येत नाही. म्हणून वाहन कलू लागल्यावर पाय टेकवून ते अडवण्याचा प्रयत्न धोक्याचा ठरतो. अशा वेळी पाय वाहन व जमीन यांच्यामध्ये किंवा मागील धातूच्या पेटीखाली सापडून घोटा वा नडगीचे हाड मोडू शकते. तोल हातचा गेला आहे हे ओळखून वाहनापासून दूर होणे, हेही या कौशल्याचेच एक अंग आहे.

मूलभूत कौशल्ये

उभे राहून चालवणे

खडतर मार्गावर चालक बहुतेक वेळ पायठेव्यांवर उभा राहतो. पाय किंचित वाकलेले, गुडघे टाकीला हलके टेकलेले, कोपरे बाहेरच्या बाजूस व पाठ सैल अशी ही स्थिती असते. उभे राहिल्याने गुरुत्वमध्य खाली येतो असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु ते बरोबर नाही. उभ्या माणसाच्या शरीराचा मध्य वरच जातो. खरा लाभ वेगळा आहे. बसलेला चालक वाहनाशी एकजीव असल्याने प्रत्येक हिसका त्याच्या शरीरासह सगळ्या वजनाला बसतो. उभा चालक मात्र आपले पाय स्प्रिंगसारखे वापरतो, आणि वाहन त्याच्याखाली मोकळेपणाने डोलू शकते. एका पायठेव्यावर अधिक भार देऊन वाहनाचा कलही त्याला नेमका साधता येतो. शिवाय उंचीवरून पुढचा मार्ग अधिक लांबवर दिसतो.

उभे असताना शरीराचा भार हँडलवर येऊ नये. हाताची पकड हलकी असावी. घट्ट आवळलेली मूठ पुढच्या चाकाचे प्रत्येक वळवळणे हातात आणते आणि चालकाच्या नकळत थ्रॉटल उघडते. हँडल फार खाली असल्यास चालकाला कमरेत वाकावे लागते. अशा वेळी हँडल उंच करून घेतात व ब्रेक-क्लचच्या दांड्या किंचित खाली वळवतात.

नजर

चालक जेथे पाहतो तिकडे वाहन वळते, हा अनुभव सायकल शिकणाऱ्या मुलालाही येतो. टाळायच्या दगडावरच नजर खिळली की नेमका तोच दगड चाकाखाली येतो. म्हणून नजर अडथळ्यावर न ठेवता त्याच्या बाजूच्या मोकळ्या वाटेवर व शक्य तितकी पुढे ठेवावी. वळणावर डोळ्यांबरोबर हनुवटीही वळणाच्या शेवटाकडे वळवावी.

हाफ क्लच व मागचा ब्रेक

मोठ्या इंजिनाची शक्ती संथ गतीला आवरून वापरावी लागते. त्यासाठी क्लच अर्धवट सोडून धरणे, थ्रॉटल स्थिर ठेवणे व मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब ठेवणे ही तीन कामे एकाच वेळी करतात. क्लच गती ठरवतो, मागचा ब्रेक वाहनाला ताण देऊन स्थिर ठेवतो आणि इंजिन बंद पडण्याचा धोका कमी होतो. शाळेच्या क्रीडामहोत्सवात होणाऱ्या संथ सायकल शर्यतीत सर्वांत शेवटी पोहोचणारा जिंकतो. त्याने जो तोल साधलेला असतो, तोच येथे अपेक्षित असतो. क्लच व पुढचा ब्रेक चारही बोटांनी न हाताळता एक किंवा दोन बोटांनी हाताळल्यास उरलेल्या बोटांनी हँडलची पकड कायम राहते.

आजच्या बहुतेक वाहनांचा क्लच तेलात बुडालेला असल्याने तो हा वापर बराच वेळ सहन करतो. बीएमडब्ल्यूच्या २०१३ पूर्वीच्या हवेने थंड होणाऱ्या आडव्या सिलिंडरांच्या मोटारसायकलींत मात्र कोरडा क्लच असे. तो चढावर फार वेळ घसटत ठेवल्यास जळतो. अशा वाहनावर मधूनमधून थांबून क्लच थंड होऊ देणे आवश्यक असते.

ब्रेक लावणे

सुट्या मातीवर पुढचा ब्रेक वापरूच नये असा समज रूढ आहे. वस्तुतः येथेही वेग कमी करण्याचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो; फरक तो लावण्याच्या रीतीत आहे. एकदम न दाबता दाब हळूहळू वाढवत नेला, तर आधी वाहनाचा भार पुढच्या चाकावर येतो व मग त्याची पकड वाढते. पुढचे चाक घसरत आहे असे वाटताच दाब तत्क्षणी सोडावा. चाक वळलेले असताना पुढचा ब्रेक लावणे हे संथ गतीत वाहन आडवे होण्याचे नेहमीचे कारण आहे.

भारतात १ एप्रिल २०१८ पासून १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या नव्या दुचाकी प्रतिरूपांना एबीएस अर्थात चाक अडकू न देणारी ब्रेकप्रणाली बंधनकारक आहे. डांबरी रस्त्यावर ती जीवरक्षक ठरते. सुट्या मातीत मात्र अडकलेले चाक आपल्यापुढे मातीचा ढीग जमवून वाहन लवकर थांबवते, तर ही प्रणाली चाक फिरते ठेवून थांबण्याचे अंतर वाढवते. त्यामुळे अनेक ॲडव्हेंचर मोटारसायकलींत मागच्या चाकापुरती ती बंद करण्याची सोय असते. डांबरी रस्त्यावर परतताच ती पुन्हा चालू करणे विसरू नये.

संथ वळणे

वेगात असताना चालक वाहनासह वळणाच्या आतल्या बाजूस झुकतो. संथ व सुट्या मातीवरील वळणात याच्या उलट करतात. वाहन आत कलवून चालक आपले शरीर बाहेरच्या बाजूस ठेवतो व बाहेरच्या पायठेव्यावर भार देतो. त्यामुळे वाहन पुरेसे कलूनही टायरवरचा भार जमिनीशी शक्य तितका सरळ राहतो आणि कमी जागेत वळता येते.

भूपृष्ठानुसार तंत्र

मुरूम व सुटी खडी

अशा पृष्ठभागावर वाहन चाकाखाली किंचित इकडेतिकडे सरकणे स्वाभाविक असते. ते सरकू देणे व हँडल सैल धरणे हाच उपाय होय. एकाएकी ब्रेक, एकाएकी थ्रॉटल किंवा एकाएकी वळण यांनी पकड सुटते. वेग वळणाआधीच सरळ मार्गावर कमी करावा. कोकणातील जांभ्या दगडाचे बारीक खडे टणक पृष्ठभागावर पसरलेले असतात व टायरखाली गोट्यांप्रमाणे गडगडतात. तेथे ही काळजी विशेष घ्यावी लागते.

वाळू

वाळूत नवख्या चालकाची चूक वेग कमी करण्याची असते. वेग कमी होताच पुढचे चाक वाळूत रुतते. शरीराचा भार किंचित मागे नेऊन थ्रॉटल स्थिर वा हळूहळू वाढता ठेवला, तर पुढचे चाक वाळूवर तरंगल्यासारखे चालते. ते सतत डुलत राहते. त्याला हातांनी सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. वाहन रुतलेच, तर मागचे चाक जोराने फिरवू नये. ते अधिक खोल जाते. उतरून वाहन आडवे पाडावे, खड्डा बुजवावा व मग ते उभे करून पहिल्या गिअरमध्ये शेजारून चालत बाहेर काढावे.

चिखल

चिखलात पकड जवळजवळ नाहीशी होते. दख्खनच्या पठारावरील काळी माती पावसाळ्यात फुगते, चिकट होते व टायरच्या खाचांत भरून बसते. काही मीटरांत टायर गुळगुळीत होतो आणि मडगार्ड व चाक यांच्यामध्ये माती दाबली जाऊन पुढचे चाक फिरणेच थांबते. या मातीत कौशल्याला मर्यादा आहे. ओल्या काळ्या मातीच्या शेतवाटेवर जड वाहन न नेणे हाच शहाणपणा ठरतो. अन्य प्रकारच्या चिखलात दुसऱ्या गिअरमध्ये, स्थिर थ्रॉटल ठेवून, न थांबता जावे.

दगडगोटे व चाकोऱ्या

सुट्या दगडांत वाट आधीच निवडावी व उभे राहून, गुडघे सैल ठेवून जावे. बैलगाडी वा ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत शिरल्यावर तिच्यातूनच पुढे जाणे श्रेयस्कर असते. नजर चाकापाशी न ठेवता चाकोरीच्या दूरच्या टोकावर ठेवावी. चाकोरी सोडणे भाग असेल, तर ती उथळ होते तेथे मोठा कोन करून बाहेर पडावे. तिच्या काठाला समांतर चाक घासत गेल्यास पडण्याची शक्यता अधिक असते.

चढ व उतार

चढासाठी लागणारा वेग पायथ्याशीच घ्यावा, शरीर पुढे न्यावे व मध्यावर गिअर बदलणे टाळावे. चढावर इंजिन बंद पडल्यास क्लच दाबू नये. गिअरमध्ये असलेले बंद इंजिन मागच्या चाकाला ब्रेकसारखे धरून ठेवते. पुढचा ब्रेक धरून, मग क्लच थोडा थोडा सोडत-धरत वाहन मागे उतरवावे आणि चढाच्या आडव्या रेषेत आणून वळवावे.

उतारावर पहिला गिअर, पूर्ण सोडलेला क्लच, मागे नेलेले शरीर व दोन्ही ब्रेकचा हलका वापर अशी रीत आहे. भीतीने क्लच दाबल्यास इंजिनाचा रोध नाहीसा होऊन वाहन मोकळे धावू लागते.

ओढे व नाले

पाण्यात शिरण्यापूर्वी थांबून, शक्यतो चालत जाऊन खोली, तळ व प्रवाहाचा जोर पाहावा. चाकाच्या मध्यापर्यंतचे पाणी सामान्यतः सुसह्य असते; त्याहून अधिक पाण्यात प्रवाहाचा रेटा वाहन ढकलू लागतो. नजर वाहत्या पाण्यावर न ठेवता पलीकडच्या काठावर ठेवावी, अन्यथा तोल जातो. वाहन ढकलत नेण्याची वेळ आल्यास चालकाने प्रवाहाच्या वरच्या बाजूस राहावे, म्हणजे वाहन आडवे झाले तरी तो त्याखाली सापडत नाही.

हिमाचल प्रदेशातील ग्रांफू ते बातल या स्पितीच्या मार्गावरचे नाले बर्फ वितळून वाहतात. सकाळी त्यांना पाणी कमी असते व उन्हाबरोबर ते वाढत जाऊन दुपारनंतर धोक्याचे होते. म्हणून तेथील प्रवास पहाटे सुरू करतात.

वाहन पाण्यात पडल्यास इंजिन तत्काळ बंद करावे आणि पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. त्याने इंजिनाचा दट्ट्यादांडा वाकतो. स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर टाकल्याशिवाय इंजिन फिरवू नये.

पडलेले वाहन उचलणे

या प्रकारच्या चालनात पडणे अपवादात्मक नसते. त्यामुळे वाहन उचलण्याचे तंत्र प्रशिक्षणात आरंभीच शिकवले जाते. प्रथम इंजिन बंद करावे व इंधन गळते का ते पाहावे. वाहन गिअरमध्ये ठेवावे. ते उजव्या बाजूस पडले असल्यास डावीकडील स्टँड आधीच उघडावा, नाहीतर उभे करताना वाहन पलीकडे कलंडते. हँडल जमिनीकडील बाजूस पूर्ण वळवून चालक वाहनाकडे पाठ करतो, कंबर सीटच्या कडेला टेकवतो, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागचा दांडा धरतो आणि पाठ ताठ ठेवून छोटी पावले मागे टाकत वाहन उभे करतो. सगळा जोर पायांचा असावा. पाठीने उचलल्यास मणक्याला इजा होते.

चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर विरळ हवेत हे श्रम एक-दोनदाच पेलवतात. थकलेला चालक पुन्हा पडतो आणि पुन्हा उचलताना आणखी थकतो. अशा ठिकाणी एकट्याने प्रवास न करणे, सोबत्याच्या मदतीने वाहन उचलणे व थकवा जाणवताच थांबणे हे नियम कौशल्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

वाहनाची तयारी व संरक्षक साधने

टायर हा वाहन व जमीन यांतील एकमेव दुवा होय. खोल खाचांचे टायर मातीत पकड देतात, पण डांबरावर लवकर झिजतात व ओल्या रस्त्यावर कमी धरतात. मोठ्या वाहनांत रस्त्यासाठी पुढे सुमारे ३६ व मागे सुमारे ४२ पीएसआय इतका हवेचा दाब असतो. कच्च्या मार्गावर तो २५ ते ३० पर्यंत उतरवल्यास टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो. दाब फार कमी केल्यास दगडावर रिम चेमटते आणि ट्यूब असल्यास ती चिमटून पंक्चर होते. डांबरी रस्ता लागताच दाब पूर्ववत करावा. त्यासाठी छोटा पंप जवळ ठेवतात.

सामान कमी, खाली व वाहनाच्या मध्याजवळ बांधावे. खडतर मार्गासाठी धातूच्या पेट्यांपेक्षा कापडी बॅगा सुरक्षित मानल्या जातात. इंजिनाखालील संरक्षक पत्रा, बाजूचे दांडे व हातांचे गार्ड यांनी किरकोळ पडण्यात वाहन निकामी होत नाही. चालकाच्या साधनांत हेल्मेटइतकेच महत्त्व घोटा व नडगी झाकणाऱ्या ताठ बुटांना आहे. गुडघे, कोपर, छाती व पाठ यांची कवचेही वापरतात.

सराव व प्रशिक्षण

अनुभवी प्रशिक्षक शक्यतो हलक्या मोटारसायकलीवर पाया पक्का करून मग जड वाहनाकडे वळण्याचा सल्ला देतात. हलक्या वाहनावर चूक स्वस्तात शिकता येते. सपाट मैदानावरील पुढील सराव सर्वत्र प्रचलित आहेत:

वाहनाशेजारी उभे राहून ते एका हाताने तोलत त्याच्याभोवती फेरी घालणे.

इंजिन चालू ठेवून, शेजारून चालत, हाफ क्लचवर वाहन गोल फिरवणे.

वीस मीटरांचे अंतर पाय न टेकवता जास्तीत जास्त वेळ घेऊन पार करणे.

उभे राहून इंग्रजी आठाच्या आकारात फिरणे व तो आकार हळूहळू लहान करणे.

मागचे चाक मुद्दाम अडकवून घसरणीची सवय करणे. त्यानंतर पुढच्या ब्रेकचा दाब थोडा थोडा वाढवत नेणे.

उतारावर मुद्दाम थांबणे व पुन्हा निघणे.

जर्मनीतील हेश्लिंगन येथील एन्ड्युरो पार्क व ब्रिटनमधील वेल्स येथील प्रशिक्षणकेंद्र ही बीएमडब्ल्यूशी संबंधित केंद्रे प्रसिद्ध आहेत. भारतात सी. एस. संतोष यांनी कर्नाटकातील कोलारजवळ 'बिगरॉक डर्टपार्क' हे केंद्र स्थापन केले. संतोष हे २०१५ मध्ये डकार शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले.

पर्यावरण व कायदा

खडतर मार्ग याचा अर्थ मार्गच नसलेली जागा असा होत नाही. टायरच्या खोल खाचा मातीचा पातळ थर उकरतात. त्या चाकोरीतून पावसाचे पाणी वाहू लागते व धूप वाढते. साताऱ्याजवळचे कास पठार हे २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळ घोषित झालेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक आहे. तेथील जांभ्यावरची माती काही इंचांचीच असून पावसाळी वनस्पतींचे जीवन तिच्यावर अवलंबून असते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. अशा किनाऱ्यावर वाहन फिरवल्यास घरटी चिरडतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. शेतातील पीक, खाजगी जमीन व किल्ल्यांचे परिसर यांबाबतही हीच दक्षता घ्यावी लागते. रुळलेली वाट न सोडणे, वस्तीतून संथ जाणे व गुरांना पाहून थांबणे हे संकेत सर्वत्र पाळले जातात. वाट पुढे जाण्याजोगी नसल्यास परत फिरणे हाही निर्णय या कौशल्यात मोडतो.